केसांच्या गोळ्याआड



पांढऱ्या फरशीवर पडलेली एक वस्तू डोळ्यांसमोर आणा. बोटाएवढी लांब, ओलसर, तपकिरी, दोन्ही टोकांना निमुळती. भोवती फेसाळ, किंचित पिवळे पाणी. पहिल्या नजरेला ती मांजराची विष्ठा वाटते. पण पाण्याच्या वाटीत सोडून काडीने उसवली की घोंगडीसारखे घट्ट बसलेले केस सुटू लागतात, आणि ते सगळे त्या मांजराच्याच अंगावरचे असतात. आपण त्याला केसांचा गोळा म्हणतो, हल्ली सर्रास हेअरबॉल म्हणतो. प्रत्यक्षात तो गोल क्वचितच असतो; अन्ननलिकेच्या अरुंद वाटेने दाबून बाहेर येताना त्याला वळलेल्या वातीसारखा आकार येतो. घरातले माणूस तो पाहते, ‘हेअरबॉल आहे’ म्हणते, फडके आणते आणि फरशी पुसून टाकते. मला जे सांगायचे आहे ते या एका शब्दाबद्दल आहे. हेअरबॉल हे आपण डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचे नाव आहे, पण आपण ते दुखण्याचे नाव म्हणून वापरतो. नाव मिळाले की चौकशी थांबते. ज्या मांजराच्या पोटात किंवा कातडीत खरोखर काही बिघडलेले असते, त्याचे या थांबलेल्या चौकशीत महिने जातात, कधी वर्षेही.

आधी केस पोटात जातात कसे ते पाहू. मांजराची जीभ हातावरून फिरली तर कानस फिरल्यासारखी लागते. तिच्यावर शेकडो बारीक काटे असतात, आपल्या नखांसारख्याच केराटिनचे, आणि ते सगळे घशाच्या दिशेने वळलेले असतात. 2018 साली अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी घरमांजरापासून वाघ-सिंहापर्यंत मार्जारकुळातील सहा जातींच्या जिभांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या काट्यांची टोके भरीव नसतात, पळीसारखी खोलगट असतात, असे त्यांना आढळले. त्या खोलगट टोकात तोंडातली लाळ आपोआप चढते आणि जीभ फिरली की लवेच्या तळापर्यंत पोहोचते. मांजर अंग चाटते तेव्हा ते एकाच वेळी विंचरत असते, धूत असते आणि लाळ वाळताना स्वतःला थंडही करत असते. ही रचना फार सुंदर आहे, पण तिची एक किंमत आहे. काटे आत वळलेले असल्यामुळे जिभेला अडकलेला केस मांजराला थुंकून टाकता येत नाही, तो गिळावाच लागतो. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, जी मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये पर्शियन मांजर आणणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. इतर मार्जारांची लव दाबली गेली की काटे कातडीपर्यंत पोहोचतात. पर्शियन मांजराची लव इतकी दाट आणि लांब की ते पोहोचत नाहीत. ही लव माणसाने निवड करकरून वाढवली आहे. तेव्हा ती विंचरण्याचे काम जिभेवर सोडून चालणार नाही, ते आपल्या हातचे आहे, आणि ते रोजचे आहे.

गिळलेला केस पचत नाही. केराटिन फोडण्याची ताकद मांजराच्या पाचकरसांत नाही. तरी बहुतेक केस अन्नाबरोबर पुढे सरकतात आणि शीवाटे निघून जातात. निरोगी मांजराची शी पाहिली तर तिच्यात केस गुंफलेले दिसतातच. मग गोळा कधी होतो? माणसाच्या आणि कुत्र्याच्या पोटात दोन जेवणांच्या मधल्या वेळात ठरावीक अंतराने आकुंचनाची एक जोरदार लाट उठते आणि जठरात उरलेसुरले, न पचलेले सगळे झाडून आतड्यात लोटते. मांजराच्या पोटात ही झाडलोट त्या पद्धतीने होत नाही. तिथे वेगळ्या प्रकारची, कमी जोराची हालचाल असते. त्यामुळे थोडा केस जठरात मागे राहण्याची सोय निसर्गतःच आहे. मागे राहिलेल्या केसात नवा केस गुंततो, लाळ आणि श्लेष्मा त्याला सांधतात, आणि पोट शेवटी ते उलट्या वाटेने बाहेर टाकते. इथपर्यंत काही बिघाड नाही. लांब केसांच्या मांजराने केस गळण्याच्या दिवसांत एखादा गोळा टाकला, लगेच उठून जेवले, खेळले, तर कोणी घाबरायचे कारण नाही. ऑक्सफर्डमधील मांजरांच्या पशुवैद्य मार्था कॅनन यांनी 2013 साली याच प्रश्नावर एक लेख लिहिला. त्यांची मांडणी साधी आहे आणि माझ्या मते निर्विवाद आहे: गोळे वारंवार होत असतील तर एक तर मांजर नेहमीपेक्षा जास्त केस गिळते आहे, किंवा त्याच्या पोटा-आतड्याची चाल मंदावली आहे. तिसरी वाट नाही. आणि या दोन्ही वाटा आपल्याला गोळ्यापासून दूर, मूळ कारणाकडे नेतात.

पहिली वाट कातडीची. मांजर जास्त केस का गिळेल? कारण ते जास्त चाटते आहे. ते जास्त का चाटेल? कारण त्याला खाज सुटते आहे, किंवा कुठे दुखते आहे. आपल्या हवेत, विशेषतः कोकणपट्टीच्या दमटपणात, पिसवा वर्षभर तग धरतात. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या मांजराला दोन-चार चावे पुरतात, आणि ते इतक्या नेटाने चाटते की ती पिसूच गिळून टाकते. अंगावर पिसवा दिसत नाहीत म्हणून पिसवा नाहीतच, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. ओल्या पांढऱ्या कागदावर मांजराला फणी मारून पाहावी. काळे कण पडले आणि त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. गिळलेल्या पिसवेबरोबर पट्टकृमीही पोटात जातो, आणि मग शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे चिकटलेले दिसतात. म्हणजे ‘केसांचे गोळे’ आणि ‘जंत’ या दोन वेगळ्या वाटणाऱ्या तक्रारींच्या मुळाशी एकच पिसू असू शकते. चाटून चाटून पोट आणि मांड्या उघड्या पडलेल्या मांजराबद्दल ‘त्याला टेन्शन आहे’, ‘सवयच आहे’ असे म्हणण्याचीही रीत आहे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मानसिक कारणाने केस काढतात असे समजल्या गेलेल्या 21 मांजरांची नीट तपासणी झाली. त्यांतील 16 मांजरांत शारीरिक कारण निघाले. निव्वळ मानसिक कारण असलेली मांजरे किती होती? दोन. आकडा लहान आहे हे मला मान्य आहे, पण सवय म्हणून सोडून देण्याच्या वृत्तीला त्याने पुरेसे उत्तर दिले आहे. एक इशारा मात्र इथेच द्यायला हवा. पिसवांवर औषध म्हणून कुत्र्यासाठीचे, परमेथ्रिन असलेले औषध मांजराला कधीही लावू नये. ज्या रासायनिक क्रियेने इतर प्राण्यांचे यकृत अशी द्रव्ये निकामी करते, ती मांजराच्या यकृतात फार दुबळी आहे. झटके येऊन मांजर दगावते. पॅरासिटामॉलच्या गोळीचेही तेच. तिचा छोटासा तुकडादेखील मांजराचा जीव घेऊ शकतो.

दुसरी वाट आतड्याची, आणि ती जास्त गंभीर आहे. अमेरिकेत टेक्सासमधील गॅरी नॉर्सवर्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली 100 मांजरांची माहिती प्रसिद्ध केली. दीर्घकाळ उलट्या, जुलाब किंवा वजन घटणे अशी या मांजरांची लक्षणे होती आणि सोनोग्राफीत त्यांच्या लहान आतड्याची भिंत जाड झालेली दिसली होती. आतड्याचे तुकडे काढून तपासले तेव्हा 99 मांजरांत लहान आतड्याचा जुनाट आजार निघाला. त्यांत दोनच गोष्टी मुख्य होत्या: आतड्याची जुनाट सूज आणि लिम्फोमा, म्हणजे आतड्याचा कर्करोग. या आकड्याचा अर्थ लावताना सावध राहिले पाहिजे. ओकणाऱ्या प्रत्येक 100 मांजरांपैकी 99 आजारी असतात, असे हा अभ्यास म्हणत नाही. ही मांजरे आधीच निवडलेली होती. आतडे जाड दिसलेल्या मांजरांत आतड्याचा आजार सापडणे यात नवल नाही. त्याचे महत्त्व वेगळ्या ठिकाणी आहे. यांच्या उलट्या बाहेरून पाहता आपल्या घरातल्या उलट्यांसारख्याच होत्या. ‘केसांमुळे’, ‘भराभर खाते म्हणून’, ‘पोट नाजूक आहे’ ही स्पष्टीकरणे अशा मांजरांच्या घरी नेहमी दिली जातात. आतडे सुजले की त्याची चाल बिघडते, चाल बिघडली की केस मागे राहतो, आणि केस मागे राहिला की गोळा पडतो. पडलेला गोळा खराच असतो, त्यात केसही असतात. म्हणून तर आपली समजूत पटते. पुरावा समोर असतो आणि तोच दिशाभूल करतो.

यावरचा पहिला आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो घरोघरी ऐकू येतो. मांजरे ओकतातच. आमच्या आजीच्या मांजरीही ओकत होत्या, आणि त्या चांगल्या म्हाताऱ्या होऊन गेल्या. या म्हणण्यात तथ्य आहे. मांजराचे पोट सहज ओकण्याच्याच घडणीचे आहे. उंदराची हाडे, पिसे, गवत बाहेर टाकणे हा त्याच्या जगण्याचा भाग आहे. पण अंगणातल्या मांजरीची प्रत्येक ओकारी कोणी पाहत नव्हते, आणि ती ‘म्हातारी होऊन गेली’ म्हणजे नेमकी कशाने गेली हेही कोणी पाहिले नव्हते. एखादी गोष्ट नेहमी घडते यावरून ती निरोगी आहे हे ठरत नाही. गावात सगळ्यांचेच दात किडलेले असतील तर किडलेला दात निरोगी ठरत नाही. फरक ओळखायची माझी कसोटी अशी: उलटी किती वेळा, पूर्वीपेक्षा वाढली का, नुसता केस की अन्न आणि पित्तही, आणि मांजराचे वजन टिकून आहे का? यांत वजन सर्वांत बोलके, आणि सर्वांत दुर्लक्षित. 4 किलोचे मांजर 3.6 किलोवर आले तर डोळ्यांना काही कळत नाही, लव सगळे झाकते. पण तो दहावा हिस्सा झाला. 60 किलोच्या माणसाने 6 किलो गमावण्यासारखे. महिन्यातून दोनदा-तीनदा ओकणारे आणि वजन गमावणारे मांजर हेअरबॉलचे मांजर नव्हे, ते आजारी मांजर आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन. दहा वर्षांपुढच्या मांजरात तर थायरॉइडची वाढ आणि मूत्रपिंडाचा आजार हेही याच वेषात येतात. थायरॉइड वाढलेले मांजर दुप्पट खाते, ओकते आणि वाळत जाते. घरचे लोक त्याची भूक पाहून समाधान मानतात.

एक गल्लत याहून साधी आणि तितकीच घातक आहे. मांजर पोट जमिनीला टेकवून बसते, मान पुढे ताणते, आणि घशातून खरखरीत उबळी येतात. गोळा अडकलाय, निघेल, असे म्हणून सगळे वाट पाहतात. निघत काहीच नाही. थोड्या वेळाने मांजर उठते आणि निघून जाते. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. हे बहुधा उमासे नसतात, तो खोकला असतो, आणि मांजरांत अशा खोकल्याचे एक मोठे कारण दमा आहे. उमाशांत पोटाचे स्नायू आत-बाहेर ढवळून निघतात आणि शेवटी काहीतरी बाहेर पडते. खोकल्यात मान ताणलेली राहते आणि बाहेर पडले तर थोडीशी लाळ, तीही बहुतेकदा गिळली जाते. दम्याच्या मांजराला केसांच्या गोळ्याची पेस्ट चाटवत राहणे म्हणजे त्याची श्वासनळी सुजत असताना त्याच्या पोटावर उपचार करणे होय.

प्राण्याच्या पोटातल्या गोळ्याने माणसाची नजर बांधून ठेवावी, हे आजचे नाही. इराणकडच्या रानबकऱ्यांच्या पोटात सापडणारे खडे विषावरचा उतारा म्हणून सोन्याच्या मोलाने विकले जात. बेझोआर हा युरोपी शब्दच मुळात विषहारक या अर्थाच्या फारसी शब्दावरून आला, आणि केसांच्या गोळ्याला वैद्यकात आजही ट्रायकोबेझोआर म्हणतात. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात या खड्यांवर लिहिले आहे. पुढे सतराव्या शतकात, खरे खडे दुर्मीळ झाल्यावर, गोव्याच्या जेझुइटांनी कस्तुरी, रत्नांची भुकटी आणि इतर द्रव्ये घालून कृत्रिम गोळे बनवले. ‘गोवा स्टोन’ म्हणून ते युरोपात जात, आणि त्यांच्या सोन्याच्या जाळीदार डब्या आजही मोठ्या संग्रहालयांत पाहायला मिळतात. त्या काळी पोटातला गोळा औषध होता, आज तो रोग झाला आहे. दोन्ही वेळा माणसाने गोळ्याकडे टक लावून पाहिले. ज्या पोटात तो घडला त्या पोटाचे काय झाले, हे विचारायचे राहून गेले.

आता उपायांकडे येऊ, कारण इथला आक्षेप सर्वांत व्यावहारिक आहे: पेस्ट दिली की फरक पडतो, मग कारण कशाला शोधायचे? बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पेस्टांत पेट्रोलियम जेली किंवा पॅराफिन, आणि चवीला माल्ट असते. ती आतड्यातून न पचता जाते आणि शी मऊ करते. सुचवलेल्या प्रमाणात ती निरुपद्रवी आहे, काहींना तिने बरे वाटतही असेल. पण तिच्या बाजूने भक्कम पुरावा नाही, आणि सुजलेल्या आतड्यावर किंवा खाजणाऱ्या कातडीवर ती काहीही करत नाही. घरगुती पर्याय त्याहून वाईट आहेत. तूप, खोबरेल, लोणी हे स्नेह आहेत. मांजर मांसाहारी असल्यामुळे ते उत्तम पचवते, म्हणजे केसापर्यंत वंगण पोहोचायच्या आधीच ते पचून जाते, आणि वर पोट बिघडते. पातळ पॅराफिन चमच्याने घशात ओतण्याचा सल्ला तर धोक्याचा आहे. त्याला चव नाही, वास नाही, त्यामुळे मांजराला ठसका येत नाही आणि ते सरळ फुप्फुसात उतरू शकते. तंतुमय आहाराची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि तिथे मी पेस्टवाल्यांपेक्षा संशोधकांचे ऐकेन. ब्राझीलमध्ये 2014 साली झालेल्या एका प्रयोगात मांजरांच्या खाण्यात उसाचा चोथा मिसळला, तेव्हा शीमधील केसांच्या गुठळ्या कमी झाल्या. बीटच्या चोथ्याने तसा फरक पडला नाही. 2015 च्या दुसऱ्या अभ्यासात इसबगोलासारख्या तंतूंनी लांब केसांच्या मांजरांच्या शीवाटे जास्त केस बाहेर पडले, आखूड केसांच्या मांजरांत फरक दिसला नाही. म्हणजे तंतू केसाला पुढची वाट दाखवतो, आणि तोही कोणता तंतू व कोणते मांजर यावर अवलंबून. बद्धकोष्ठ नसलेल्या, वजन टिकवून असलेल्या पर्शियन मांजराला पशुवैद्याला विचारून तो द्यावा. ओकून वाळत चाललेल्या मांजराला तो देत बसणे म्हणजे वेळ घालवणे.

गवताचेही तसेच. मांजर अंगणातली हरळी खाते ती केस बाहेर काढायला, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. कॅलिफोर्नियात डेव्हिस येथील बेंजामिन हार्ट आणि सहकाऱ्यांनी हजारभर मांजरमालकांना विचारले. बहुतेक मांजरे गवत-पाला खात होती; खाण्याआधी फारच थोडी आजारी दिसत होती, आणि खाल्ल्यावर ओकणारी साधारण पाव भाग होती. लांब केसांची मांजरे जास्त गवत खातात, असेही दिसले नाही; गवत केसांसाठी असते तर ते दिसायला हवे होते. संशोधकांचे अनुमान असे की ही मांजरांच्या पूर्वजांकडून आलेली, आतड्यातले जंत हुसकवण्याची रीत असावी. मांजराला हरळी खुशाल खाऊ द्या, फक्त तिच्यावर औषधफवारणी नको. आणि तिने केसांचा प्रश्न सुटला असे समजू नका. फुलदाणीतली लिली मात्र घरात नकोच. तिचे एखादे पान किंवा अंगावर पडलेला, चाटलेला पराग मांजराची मूत्रपिंडे निकामी करतो.

पोट बिघडण्याबद्दल बोलताना आपल्या दूध-पोळीला वगळून चालणार नाही. बशीत कुस्करलेली पोळी आणि वर दूध, हे आपल्या मायेचे रूप आहे आणि त्या मायेबद्दल मला आदर आहे. पण दूध सुटलेल्या मोठ्या मांजराच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारे लॅक्टेज फार कमी उरते. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात आंबते, पाणी खेचते आणि जुलाब होतात. काही मांजरांना घोटभर दूध चालते, बऱ्याच जणांना चालत नाही. पोळीत तर त्याच्या गरजेचे जवळपास काही नाही. मांजराला टॉरिन हे द्रव्य प्राणिज अन्नातूनच मिळवावे लागते. ते कमी पडल्याने हृदय फुगून निकामी होते आणि टॉरिन दिल्यावर ते सुधारू शकते, हे डेव्हिसच्याच पशुवैद्यांनी 1987 साली दाखवून दिले. शाकाहारी घराने मांजर पाळू नये, असे मी म्हणणार नाही. पण मांजराला शाकाहारी करू नये, असे नक्की म्हणेन. जुन्या उलट्या-जुलाबांत खाणे बदलून पाहणे हा चांगला उपाय आहे, आणि त्याला पुरावाही आहे. न्यूझीलंडमध्ये 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुनाट तक्रारी असलेल्या 55 मांजरांपैकी 16 मांजरांना ठरावीक अन्न सोसत नव्हते असे सिद्ध झाले, आणि आणखी 11 नुसते खाणे बदलल्यावर सुधारली. म्हणजे जवळजवळ निम्मी. ही चाचणी करायची तर पूर्वी न खाल्लेल्या एकाच प्राणिज प्रथिनावर किंवा डॉक्टरांनी दिलेल्या खास आहारावर मांजराला ठेवावे लागते, आणि घरातल्या कोणीही हळूच मासळीचे डोके टाकायचे नसते. पोटाच्या तक्रारी त्याने शमायच्या असतील तर साधारण दोन आठवड्यांत कळते.

पोट बिघडले की लंघन, ही आपली जुनी रीत माणसाला मानवते. मांजराला ती मारक ठरू शकते. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराची, त्यातही जाड मांजराची, चरबी यकृतात भरू लागते. यकृत काम सोडते, डोळे-हिरड्या पिवळ्या पडतात, आणि मग त्याला नळीवाटे भरवण्याशिवाय उपाय उरत नाही. म्हणून एक दिवसभर काही न खाल्लेले मांजर डॉक्टरांकडे न्यावे, ‘गोळा निघाला की खाईल’ म्हणून थांबू नये. शी होत नाही, पोट दुखते आहे, सारखे उमासे येत आहेत, अशा मांजराचे तोंड उघडून जिभेखाली पाहावे. शिवणकामाचा दोरा, पुड्याचा धागा, पतंगाचा मांजा जिभेच्या मुळाशी अडकून दुसरे टोक आतड्यात गेलेले असू शकते. तो दोरा ओढू नये. आतडे त्यावर चुणीदार कापडासारखे गोळा होते आणि ओढताच चिरते. तसेच बोका वाळूच्या भांड्यात बसून कुंथत असेल तर ते बद्धकोष्ठ आहे असे समजून चालू नये. त्याची लघवी अडलेली असू शकते, आणि तिथे तास मोजावे लागतात.

शेवटचा आक्षेप खर्चाचा, आणि तो मी सर्वांत गांभीर्याने घेतो. सोनोग्राफी, रक्ताच्या चाचण्या, आतड्याची बायोप्सी हे शहरातल्या मध्यमवर्गालाही जड जाते. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा दिवस गाई-म्हशी-शेळ्यांत जातो, आणि तो तसाच जायला हवा. पण मी मांडतो आहे त्या विचाराची सुरुवात यंत्रांपासून होत नाही. पिसवांचे योग्य औषध, जंताची गोळी, फणी, दोन आठवड्यांचा आहारबदल: बऱ्याच मांजरांचा प्रश्न इथेच सुटतो, आणि यातले काहीही न परवडणारे नाही. उलट सहा महिने पेस्टच्या नळ्या विकत घेऊन मग सलाइनवर ठेवायची वेळ आलेले मांजर जास्त महाग पडते. आणि शेवटी मोठा आजार निघाला, तरी सगळे संपत नाही. मांजराच्या आतड्याचा जो सावकाश वाढणारा, लहान पेशींचा लिम्फोमा असतो, तो प्रेडनिसोलोन आणि क्लोरॅम्ब्युसिल या गोळ्यांवर दबतो, आणि अशी अनेक मांजरे दोन वर्षे किंवा त्याहून जास्त काळ चांगली जगतात. मांजरासाठी दोन वर्षे थोडी नव्हेत. पण त्यासाठी ते हाडांवर येण्याआधी डॉक्टरांसमोर यायला हवे.

आणि डॉक्टरांना हवी असते ती माहिती फक्त घरच्यांकडे असते. भिंतीवरच्या कॅलेंडरात आपण दुधाचा हिशेब लिहितो. त्याच चौकोनात मांजर ज्या दिवशी ओकले त्या दिवशी एक खूण करावी, केस असेल तर ‘के’, अन्न असेल तर ‘अ’, नुसते पाणी असेल तर ‘पा’. महिन्याच्या पहिल्या तारखेला मांजराला टोपलीत बसवून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवावे, टोपलीचे वजन वजा करावे, आणि आकडा लिहावा. उबळ आली की धावत जाऊन पाठ थोपटण्याऐवजी मोबाइलवर अर्धा मिनिट चित्रीकरण करावे. खोकला की उमासा हे डॉक्टर ते पाहूनच सांगतील. दवाखान्यात जाताना कॅलेंडरची ती पाने, ते चित्रीकरण, जे खायला घालतो त्या पाकिटाचा फोटो, आणि फडके फिरवण्याआधी उचलून ठेवलेला तो गोळा, झाकणाच्या डबीत.